बारामती ते इंदापूर : थेंबाथेंबाचा प्रवास

कऱ्हेकाठच्या बारामतीत मोरोपंतांनी (1729–1794) जन्मभर आर्या रचल्या आणि त्यांतून एक मात्रासुद्धा गळू दिली नाही. ओठाला ओठ न लावता म्हणता यावे असे निरोष्ठ रामायण लिहिणारा हा पंडित! मराठी शिकवणाऱ्या माणसाला या गावात शिरताना पंतांची आठवण व्हायचीच. माझी तर सासुरवाडच तिथली. त्यामुळे आठवणीबरोबर चकल्याही मिळतात.

परंतु गेल्या दिवाळीत बारामतीत मला मात्रा मोजाव्या लागल्या त्या निराळ्याच. माझ्या सासऱ्यांकडे 1994 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घरातल्या थोरल्या लेकीसारखा तिचा मान. सासूबाईंना भाऊबिजेला इंदापूरला जायचे होते. भाऊ ऐंशीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले. गुडघ्यांमुळे सासूबाईंना एस.टी.ची पायरी चढवत नाही, आणि 'भाड्याची गाडी' हे शब्द काढले की मामांचा चेहरा पडतो. म्हणजे पद्मिनीच न्यायची. आणि पद्मिनीखाली, अंगणातल्या फरशीवर, डाग दिसू लागले होते.

मोटार गळते म्हणजे नेमके काय गळते, हे ओळखायला शहाणा मिस्त्री लागतो असे नाही. रात्रभर वेळ आणि जुनी वर्तमानपत्रे लागतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाडीखाली, चारी चाकांपर्यंत, मी वर्तमानपत्रे अंथरली आणि कडांवर दगड ठेवले. सकाळी कागदावर सगळी कुंडली मांडलेली होती.

इंजिनाखाली काळपट, चिकट डाग होता : इंजिन ऑइल. चेंबरच्या तळाच्या बोल्टचा वॉशर झिजला की असे थेंब पडतात. पुढे, रेडिएटरखाली, हिरवट ओल : कूलंट. रबरी नळीची क्लिप सैल झाली होती. ती आवळायची ती इंजिन थंड असतानाच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर घेणे. कूलंटची चव गोडसर असते आणि ते विषारी असते, म्हणून ते सांडलेले लगेच धुऊन टाकावे. अंगणातली मांजरे चाटायला येतात. नव्या, वातानुकूलित गाड्यांखाली स्वच्छ पाणी ठिबकते ते मात्र निर्धोक. हवेतली वाफ थंड नळीवर निवते, इतकेच.

तिसरा डाग लहान होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, पातळ, पिवळसर, बोटाला बुळबुळीत. बोनेट उघडून पाहिले, तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेलेली.

"जावईबापू, थेंबभर तर आहे! वरून ऑइल घालू आणि सावकाश जाऊ," मामा म्हणाले.

"मामा, इंजिनाचे असते तर मीही हेच म्हटले असते. हे ब्रेकचे आहे."

ब्रेकचे सारे बळ त्या द्रवाच्या दाबात असते. दाब गळाला की पाय तळाला टेकतो आणि गाडी पुढे जातच राहते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "नसेल जमत तर राहू दे." ते ऐकून कोणालाच फराळ गोड लागेना.

पाडव्याची पूजा आटोपून एका ओळखीच्या मिस्त्रींनी दुकानाची फळी उघडली आणि व्हील सिलेंडरच्या रबरांचे किट व लायनरचा जोड दिला. मामांनी जन्मभर आपले स्क्रू आपणच आवळलेले, हाताशी मी. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकवर गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, हँडब्रेक सोडला आणि ड्रम काढला. सिलेंडरचे रबरी टोपण उचलताच आत ओल. लायनर तेलाने भिजलेले. ते पुसून पुन्हा बसवायचे नसतात, बदलायचे. दोन्ही मागच्या चाकांचे काम बरोबरच केले. मग ब्रेकमधली हवा काढणे. सौभाग्यवती पायडलवर, मी चाकाशी, नळीचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. "दाब!" "दाबलाय!" "धर!" बुडबुडे थांबेपर्यंत हा संवाद चालला. आमच्या संसारात तिने माझे इतके निमूट कधी ऐकले नव्हते.

रात्री पुन्हा कागद अंथरले. सकाळी ते कोरडे. गल्लीत दोनदा ब्रेक लावून पाहिले आणि मगच सासूबाईंना आत बसवले.

बारामती–इंदापूर हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. भवानीनगरचा साखर कारखाना, सणसर, रिंगणाची बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे ओळीने येतात. दोन्ही बाजूंना ऊस. हा ऊस नीरा डाव्या कालव्याचा. 1885 च्या सुमारास कालवा झाला आणि या दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. पण कालवाही झिरपतो, आणि झिरपलेल्या व अती दिलेल्या पाण्याने किती काळी जमीन खारी झाली! तिथे वर्तमानपत्र अंथरून भागत नाही.

जंक्शनच्या फाट्यावर वालचंदनगरची पाटी दिसली. वालचंद हिराचंदांनी माळरानावर वसवलेली ही उद्योगनगरी. आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सही 1944 मध्ये त्यांनीच स्थापली. म्हणजे आमची पद्मिनी एका अर्थी माहेरच्या वाटेवर होती. मामांनी हे ऐकून स्टिअरिंग हलकेच थोपटले.

मालोजीराजांनी जिथे देह ठेवला ते इंदापूर दुपारी आले. सासूबाईंनी उशाशी बसून भावाला ओवाळले. म्हातारबुवांचे डोळे वाहत होते, त्यांचेही. जगात काही गळती दुरुस्त करायच्या नसतात.