२ मार्च

इतिहासाच्या तासास सनावळी पाठ करताना आम्हांस नेहमी कंटाळा येतो. परंतु २ मार्च १९३० ही तारीख आता आम्ही विसरणार नाही. त्या दिवशी गांधीजींनी साबरमतीहून व्हाइसरॉय आयर्विन यांस मिठाच्या कायद्याविषयी पत्र लिहिले. आणि त्याच दिवशी आमच्या नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष शांतपणे पंचवटीतील काळाराम मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली, तेथे सभा भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराशी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड प्रभृतींनी तो कित्येक वर्षे नेटाने चालविला. तरी ते दार त्यांस उघडले नाही.

यंदा त्याच तारखेस आम्ही एका वर्गमित्रासह तेथे गेलो. दार सताड उघडे होते. आम्ही आत शिरलो. तो मात्र पायरीशीच थांबला. “माझे पणजोबा येथे बसले होते,” एवढेच तो म्हणाला. आमचे पणजोबाही पंचवटीतलेच; त्या दिवशी ते दाराच्या कोणत्या बाजूस होते, याविषयी आमच्या घरी कोणी बोलत नाही. आम्ही मागे फिरलो व क्षणभर त्याच्या शेजारी बसलो. मग दोघे बरोबरच आत गेलो.