पंधरावी नव्हे, बारावीचं गणित

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि आमच्या वैभववाडीतल्या मुलांच्या तोंडी डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला 'पायलट' हा शब्द येऊ लागला. मी इथे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: पायलट व्हायला डिग्री लागते का?

हाच प्रश्न घेऊन बारावीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील एका संध्याकाळी घरी आले. एसटीत चालक, करूळ घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस. मुलगी सोबत होती आणि हातात मुंबईच्या कुठल्याशा एजंटाचं चकचकीत माहितीपत्रक. म्हणाले, "सर, चेडू म्हणता, माका पायलट होवचा आसा. ह्यो माणूस सांगता, आधी पंधरावी करा, तीन वर्सांची फी भरा, मगे पुढचा बघूया. खरा काय ता तुमी सांगा."

माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. वसतिगृह होतं, गणवेश होता, बारावीच्या विषयांबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. आणि या मुलीने नर्सिंग डोळ्यांपुढे ठेवून अकरावीला पीसीबी घेतलं होतं, गणित सोडलं होतं. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्यासाठी शिक्षणाची अट एवढीच: बारावी उत्तीर्ण, फिजिक्स आणि गणित घेऊन. बाकी वय १८ पूर्ण, उड्डाणाचे २०० तास, क्लास वन मेडिकल आणि नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक असे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. पुढे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएलला २१ वर्षं वय आणि १५०० तास लागतात; पदवी तिथेही नाही. म्हणजे ही मुलगी तीन वर्षं फी भरून पदवीधर झाली असती आणि परवान्याच्या दारात तरीही अडली असती. त्या एजंटाचा मला आजही राग येतो.

वडिलांना पटेना. "बारावीवर इतकी माणसां घेवन उडूक देतत?"

मी कागद घेतला. विमानाचा हवेतला वेग १०० नॉट, जायचंय सरळ उत्तरेला, पश्चिमेकडून २० नॉटचा वारा येतोय. नाक उत्तरेलाच धरलं तर विमान पूर्वेकडे सरकत जाणार. मग नाक पश्चिमेकडे किती वळवायचं? मुलीने मापाने बाण काढले, त्रिकोण जुळवला, कोनमापक लावला. साडेअकरा अंश. जमिनीच्या हिशेबाने वेग उरला ९८ नॉट. वडील कागदावर वाकून म्हणाले, "ह्या म्हंजे व्हाळात होडी तिरकी घालतत तसा." अगदी तसंच. नेव्हिगेशनचा हा पाया अकरावीच्या व्हेक्टरमध्ये आहे आणि अट गणित-फिजिक्सची का, हे त्या कागदावर दिसत होतं.

जे. आर. डी. टाटांचं नाव त्यांना ठाऊक होतं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणाऱ्या आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान चालवत जुहूला उतरलेल्या या माणसाकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती, हे सांगितल्यावर ते सावरून बसले. अमेरिकेत डेल्टासारख्या कंपनीनेही चार वर्षांच्या पदवीची अट जानेवारी २०२२ मध्ये काढून टाकली.

हवाई दलाची गोष्ट वेगळी. एएफसीएटी या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग शाखेत जायला पदवी लागते. बारावीनंतर एनडीएची वाट आहे, २०२२ पासून मुलींनाही. तिथे प्रशिक्षण फुकट आणि पदवीही मिळते. पण या दोन्ही ठिकाणी बारावीचं गणित-फिजिक्स सुटत नाही.

मग ठरलं. बारावी झाल्यावर तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, गणित हा विषय दिला. डीजीसीए ते ग्राह्य धरते. संध्याकाळी माझ्या पडवीत बसायची. डेरिव्हेटिव्हला रडकुंडीला आली, पण सुटली. निकालानंतर पहिलं काम क्लास वनच्या आधीचं क्लास टू मेडिकल. रंग नीट ओळखता येत नसतील तर सगळे बेत तिथेच थांबतात, म्हणून मी तिला फीचा एक रुपयाही कुठे भरू दिला नाही, आधी डोळे तपासून घे म्हटलं. त्यात ती पास झाली. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर मिळाला आणि आता ती हवामानाच्या पेपरला बसते आहे.

पैशाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. प्रशिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या वर जातो, ठरावीक प्रकारचं विमान चालवण्यासाठी लागणारं टाइप रेटिंग वेगळंच. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएलची योजना काढली, तसे दरवाजे आम्ही शोधतो आहोत. घरची काजूची बाग विकायला मी वडिलांना ठाम नाही म्हटलं आहे.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाल, हेही मीच सांगितलं. मेडिकल दर ठरावीक काळाने द्यावं लागतं, एखादा आजार परवाना थांबवू शकतो. तेव्हा हातात पदवी असावी. ती उड्डाणासोबत करावी, आधी तीन वर्षं घालवून नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांना माझी विनंती आहे: मूल विमानाचं नाव काढत असेल तर अकरावीच्या फॉर्मवर गणित खोडू नका, आणि कुणाला फी देण्याआधी डीजीसीएची अट स्वतः वाचा.