काकीचं एक, माझी दोन

मास कॉमच्या डिग्रीने मला नोकरी दिली नाही, पण एक जादा मत दिलं. पदवी मिळून तीन वर्षं झाली की पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवता येतं, तेही दर निवडणुकीला नव्याने फॉर्म भरून. मी राहते ठाण्यात, पण आमचा कोकण मतदारसंघ थेट सिंधुदुर्गात आरोंद्यापर्यंत पसरलेला. तिथली माझी काकी सातवी शिकलेली, ग्रामसभा कधी न चुकवणारी. गणपतीत तिला हे सांगितलं, तर म्हणाली, “तुका दोन मतां आणि माका एकच? कित्याक?”

आता बोला!

विधान परिषदेत 78 जण. 30 आमदार निवडतात, 22 स्थानिक संस्था, 7 पदवीधर, 7 शिक्षक आणि 12 राज्यपाल नेमतात. स्थानिक संस्था म्हणजे जिल्हा परिषदा आणि नगरपालिका-महापालिका. काकीच्या सरपंचालाही तिथे मत नाही.

नियुक्त 12 जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवेसाठी. गदिमा, ना. धों. महानोर याच वाटेने गेले. पण 2020 मध्ये सरकारने पाठवलेली 12 नावं राजभवनात पडूनच राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये 7 जागा भरल्या, त्याही विधानसभा निवडणूक जाहीर व्हायच्या जेमतेम काही तास आधी. नावं बहुतेक पक्षांच्या माणसांची. कवी कुठे गेले, देव जाणे.

तरी परिषद अगदीच बिनकामाची नाही हं. साधं विधेयक ती आधी तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना रोखू शकते. अर्थविधेयक फक्त 14 दिवस. मग विधानसभेचंच खरं. एवढा ब्रेक मला चालतो. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते.

खटकते ती खुर्ची. पृथ्वीराज चव्हाण आणि उद्धव ठाकरे, दोघेही मुख्यमंत्री झाल्यावर परिषदेत गेले. ठाकरे तर मे 2020 मध्ये बिनविरोध. राज्य चालवायचं आणि काकीच्या दारात मत मागायला जायचं नाही, हे कसं?

आरोंद्याहून पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. तिथे 40 आमदार, सभागृह एकच. 2022 मध्ये काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदारांनी भाजप गाठला. वरचं सभागृह असतं तरी ते थांबलं नसतंच.

म्हणून परिषदेने बोलावं, चार महिने अडवावं, पण मंत्रिपदं घेऊ नयेत. पदवीची अट तर उद्याच काढा. तोवर फॉर्म मात्र मी भरणार. हातचं मत सोडायचं कशाला?