नापास विड्या

ती प्रबंधाचा विषय ठरवायला आली तेव्हा शीर्षक लिहूनच घेऊन आली होती : 'असंघटित क्षेत्रातील महिला कामगार : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. एम.ए.ला असताना मीही असाच विषय घेतला होता, सगळा महाराष्ट्र मावेल एवढा. चार महिने ग्रंथालयात बसून इतरांची वाक्यं उतरवून घेतली. आपल्याकडे स्वतःचा एकही प्रश्न नाही हे कळलं तेव्हा हातात सहा आठवडे उरले होते. ती धास्ती मी विसरलेले नाही. म्हणून तिचा कागद बाजूला ठेवला आणि घरी कोण काय करतं, ते विचारलं.

ती सोलापूरजवळच्या कुंभारीची. विडी कामगार बायकांसाठी उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं आहेत, त्यातलं एक तिचं. आई विड्या वळते. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. पानं भिजवायची, मापाला कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. पानं फाटकी निघाली की हजार भरण्यासाठी पदरच्या पैशानं विकत आणायची. माल द्यायला गेलं की तपासणारा काही विड्या बाजूला काढतो. त्या नापास. त्यांचे पैसे नाहीत.

बोलता बोलता ती थांबली. "मॅडम, नापास विड्या आईला परत मिळत नाहीत. मग त्या जातात कुठे?"

मी म्हटलं, हाच तुझा विषय.

तिचा चेहरा उतरला. घरातलंच लिहिलं तर त्याला संशोधन कोण म्हणणार? मला मात्र मनापासून वाटतं की हा प्रश्न तिच्याइतका नीट दुसऱ्या कुणाला विचारता आला नसता. कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्यांच्या मजुरीचं काय, हे वाद 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यातही नोंदलेले होते. एवढंच की तिला तपासणाऱ्याकडेही जावं लागेल, आणि त्याचं म्हणणं आईच्या म्हणण्याइतक्याच काळजीनं लिहून घ्यावं लागेल. ते तिला जड जाईल.

पुढच्या आठवड्यात तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आईची वही आणली. पानांना तंबाखूचा वास होता. आकडे मला कळत होते, शेजारच्या नोंदी तेलुगूत होत्या. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायला लागली.