आधी कानस, मग बाटली

रोवणी आटोपत आली की नाकाडोंगरीकडच्या बायका बोटं दाखवायला येतात. दिवसदिवस बांधीच्या चिखलात पऱ्हे खोचून नखाची कड सुजलेली असते. ते नखुरडं, हात कोरडे राहिले की अर्धं काम होतं. माझा कस लागतो तो पायाच्या अंगठ्याला. बुरशीनं नख पिवळं, जाड, खाली भुसा साठलेला. माणूस कधी धानकरी, कधी याच तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत दिवसभर गमबूट घालून राबणारा. खिशात हमखास पिळून संपवलेली मलमाची ट्यूब.

मलम त्वचेसाठी ठीक. त्वचा तेलकट पदार्थ आत घेते, पाणी अडवते. नखाचं उलटं आहे. त्यात चरबी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी. बाकी गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेलं केराटिन, पाण्यात फुगणारं. तेलकट मलम वरच राहतं. जे औषध शिरतं, तेही बरंचसं वाटेतच केराटिनला चिकटतं, आणि बुरशी बसलेली असते खाली, गादीवर.

म्हणून नेलपेंटसारखं लावायचं लॅकर निघालं. त्यातलं बुरशीनाशक अमोरोल्फिन बाटलीत ५ टक्के असतं; द्रावक उडून गेला की उरलेल्या पापुद्र्यात ते २५ टक्क्यांच्या वर जातं आणि त्या जोरावर आत झिरपतं. एफिनाकोनाझोल हे दुसरं बुरशीनाशक द्रावण केराटिनला कमी चिकटतं, म्हणून खोलवर पोचतं. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तरी त्याच्या मोठ्या चाचण्यांत ५२व्या आठवड्याला पूर्ण बरे झालेले १५ ते १८ टक्केच. हा आकडा ऐकला की बाटलीवरची माझी भक्ती जरा कमी होते. अर्ध्याहून जास्त नख गेलं असेल, तर मी लॅकरच्या भरवशावर राहतच नाही. यकृताची तपासणी करून गोळ्या देतो.

पण लॅकर द्यायचं ठरलं की आधी कानस. नख कोमट पाण्यात भिजवायचं, सुटलेला भाग कापायचा, पुसून कोरडं करायचं आणि वरून आडवं घासायचं. आधी पांढरी कोरडी भुकटी पडते. नख बोटाखाली किंचित लवायला लागलं की थांबायचं. मग स्पिरिट, मग लॅकर. ती कानस चांगल्या नखाला लावायची नाही. एक आजी म्हणाली, "साहेब, एवढं घासलं त नख राहीन का?" तिला सांगितलं, आजी, जे घासतोय ते तसंही तुमच्या कामाचं राहिलेलं नाही.

फारच जाड नखाला ४० टक्के युरियाचं मलम. नाव काढलं की धानकरी हसतो: "धानाले टाकतो तोच?" रसायन तेच, पण पोत्यातला लावायचा नाही, हे दोनदा बजावावं लागतं. आजूबाजूच्या कातडीला चिकटपट्टी, नखावर मलम, वरून प्लॅस्टिक. काही दिवसांत रोगट भाग खरवडून निघेल इतका मऊ होतो. निरोगी नखाला फारसा धक्का लागत नाही. सुरी लागत नाही, रक्त येत नाही. साखरेच्या रोग्याच्या पायाला मला हीच वाट आवडते.

पायाचं नख महिन्याला दीडएक मिलिमीटर सरकतं. अंगठा पुरता बदलायला वर्ष-दीड वर्ष. त्यामुळे घाई नसेल तर मी सुरुवात धान कापणीनंतर करायला सांगतो. पावसाआधीचे सहा-सात कोरडे महिने पदरात पडतात. मधे रोवणी येतेच. तेव्हा लॅकर रात्री, पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून.