एक्याण्णव की पंच्याण्णव?

सुरत हे पारखी लोकांचे शहर आहे. येथे हिऱ्याची पारख होते, सोन्याची होते, खऱ्या जरीची नि खोट्या जरीची होते. आणि या साऱ्या पारखीचा शेवट बहुधा एखाद्या आकड्यात होत असतो. त्यामुळे आकडा मोठा तितकी वस्तू उंची, हा सिद्धांत येथल्या हवेतच मुरलेला आहे. गेली वीसएक वर्षे येथल्या न्यायालयात वकिली करीत असल्यामुळे आकड्यांविषयीचा हा आदर माझ्याही अंगवळणी पडला आहे. तथापि वस्तूचा गुण सांगणारा आकडा निराळा आणि वस्तूची योग्यता सांगणारा आकडा निराळा, हा भेद माझ्या मनाने कधी सोडला नाही. वकिलाला तो सोडून चालतही नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे मावसभाऊ, कापडाच्या व्यापारात आहेत. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी वडील. २०२१ साली त्यांनी जर्मन बनावटीची एक ऐसपैस, उंच मोटार घेतली. अशा मोटारीला हल्ली ‘एसयूव्ही’ म्हणतात. सुरतेहून गोव्यापर्यंतचा आठशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता मावशीला सुखाने करता यावा आणि वर्षातून एकदा तरी कुलदेवतेचे दर्शन घडावे, हे त्या खरेदीचे सांगण्याजोगे कारण. न सांगण्याजोगी कारणे व्यापारी मनुष्याला असतातच. त्यांत आपण शिरू नये.

मोटार आली आणि तिच्यामागोमाग प्रश्न आला: हिच्या पोटात घालायचे काय? साधे पेट्रोल की महागातले? दादांनी तो प्रश्न एका क्षणात सोडवला. “अरे, एवढी गाडी घेतली आणि तिला काय रेशनचे घालायचे?” पंपावर ९१ आणि ९५ असे दोन आकडे, त्यांत ९५ मोठा. निकाल लागला.

वास्तविक ऑक्टेनचा आकडा हा पेट्रोलच्या सामर्थ्याचा आकडा नव्हेच. तो त्याच्या संयमाचा आकडा आहे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, मग ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीपासून ज्वाला क्रमाने पसरत जाऊन दट्ट्याला खाली लोटते. हा झाला शिस्तीचा कारभार. परंतु दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपल्या आपण पेट घेते आणि इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. ही बेशिस्त जे पेट्रोल जास्त वेळ टाळते त्याचा ऑक्टेन-आकडा मोठा. लिटरभर महाग पेट्रोलात लिटरभर साध्या पेट्रोलापेक्षा अधिक शक्ती कोंडलेली असते, ही समजूत निराधार आहे. ज्याच्या इंजिनात दाबच बेताचा, त्याने उंची पेट्रोल घालणे म्हणजे ज्याला कधी राग येत नाही त्याला शांतिपाठ शिकवणे.

सुरतेत तरी हे समजायला कठीण जाऊ नये. चोवीस कॅरटचे सोने सर्वांत शुद्ध. परंतु हिरा जडवायचा असला की आमचे कारागीर अठरा कॅरटचे सोने घेतात. चोवीस कॅरट इतके मऊ, की त्याची पकड सैल होऊन हिरा निसटायचा. त्या अठरा कॅरटला कोणी हलके म्हणत नाही. हा दाखला मी दादांना दिला, तेव्हा ते म्हणाले, “सोन्याचे सोन्याजवळ ठेव.” वडील माणसाशी युक्तिवादात जिंकण्याची सोय आपल्या घरांतून नाही.

या आकड्याचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला शोध लागला, की पेट्रोलात शिशाचे एक संयुग किंचित मिसळले असता हे नॉकिंग थांबते. पुढे १९२७ च्या सुमारास ग्रॅहम एडगर याने मोजपट्टी बसवली: आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रव्याला शंभर गुण, हेप्टेनला शून्य, आणि उरलेल्या साऱ्या पेट्रोलांची जागा त्या दोहोंच्या तुलनेत. शिसे स्वस्त पडले म्हणून जगाने ते अर्धशतकाहून अधिक काळ जाळले आणि मुलाबाळांच्या रक्तात साठवले. आपल्या देशात ते बंद होण्यामागे महेशचंद्र मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात चालवलेल्या खटल्याचा मोठा वाटा होता, हे सांगताना वकील म्हणून मला थोडा अभिमान वाटतो. १९९५ च्या एप्रिलात चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० च्या फेब्रुवारीत सर्व देशभर शिशाची हकालपट्टी झाली.

असो. मी दादांच्या मोटारीची माहितीपुस्तिका मागून घेतली. दस्तऐवज न वाचता मत देण्याची मला सवय नाही. पुस्तिकेत लिहिले होते, की निदान ९१ ऑक्टेन असावे, आणि शिफारस ९५ ची आहे. ‘असावेच’ आणि ‘असल्यास बरे’ या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे हे आम्हा वकिलांना कोणी सांगायला नको. त्या अंतरावर आमच्यांतल्या कित्येकांची घरे उभी आहेत. ९१ ही अट, ९५ ही शिफारस. अट मोडली तर इंजिनाला अपाय. शिफारस मानली नाही तर फार तर उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना, इंजिन ठिणगीची वेळ थोडी मागे घेईल आणि जोर किंचित उतरेल. आजच्या इंजिनांना ही समज असते. नॉकिंगची चाहूल घेणारा एक कान त्यांत बसवलेला असतो. ज्या मोटारींच्या पुस्तिकेत ९५ हीच अट म्हणून घातली आहे, त्यांच्या मालकांनी मात्र माझे हे विवेचन वाचून काटकसरीला लागू नये.

मध्येच अमेरिकेतून दादांच्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला. तिकडे ९१ लाच उंची पेट्रोल म्हणतात, मग तुमचे साधे पेट्रोल आमच्या उंचीइतके झाले की, असे त्याचे म्हणणे. शब्द एक आणि व्याख्या दोन, हा कज्ज्यांचा जुना उगम. आपल्याकडे पंपावर जो आकडा असतो तो एका पद्धतीच्या चाचणीचा. अमेरिकेतला आकडा हा ती चाचणी आणि तिच्याहून कडक अशी दुसरी एक चाचणी, या दोहोंची सरासरी. म्हणून त्यांचे ९१ म्हणजे सुमारे आपले ९५, आणि त्यांचे साधे ८७ म्हणजे आपले ९१. चिरंजीव गप्प झाले. दादा मात्र खूष झाले, कारण अमेरिकेतही आपल्यासारखेच ९५ घालतात एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

येथवर हा विषय चहाबरोबर चघळण्याचा होता. गेल्या वर्षी त्याला निराळे वळण लागले. दादांची गाडी पूर्वी लिटरला दहा किलोमीटर जाई. ती साडेनवाच्याही खाली आली. दादा हिशेबी. वर्षभराच्या आकड्यांची वही त्यांच्यापाशी होती. त्यांनी अनुमान काढले, की सारथी पैसे ९५ चे घेतो, टाकीत ९१ घालतो, आणि लिटरमागचा फरक खिशात टाकतो. लिंबायतीत राहणारा, खानदेशातून बापाच्या बोटाला धरून आलेला हा पस्तिशीचा माणूस दादांकडे नऊ वर्षे होता. त्याला पावत्या जपण्याची सवय नव्हती, कारण कोणी मागितल्याच नव्हत्या. दादांनी त्याला महिनाअखेरीस जायला सांगितले. मावशी आतून म्हणाली, “त्या भुरग्याक तूं कित्याक काडून उडयता रे?” दादांनी उत्तर दिले नाही. सारथी माझ्याकडे आला तो तक्रार करायला नव्हे. “वकीलसाहेब, दुसरीकडे नोकरी मिळेल. पण जो विचारेल त्याला दादासाहेब काय सांगतील?” एवढेच तो म्हणाला.

आरोप करील त्याने तो सिद्ध करावा, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. सिद्ध करण्याची साधने तरी कोणती? पंपावर ग्राहकाला गाळणकागदाची चाचणी मागता येते, घनता तपासून घेता येते. भेसळीचा सुगावा त्यांतून लागतो. परंतु ९१ कोणते आणि ९५ कोणते हे कागद सांगत नाही, काचेचे नळकांडेही सांगत नाही. त्यासाठी दाब कमीजास्त करता येणारे एक खास चाचणी-इंजिन लागते. म्हणजे सारथ्याला निर्दोष ठरवणे जितके अवघड, तितकेच त्याला दोषी ठरवणेही.

मग मी आकडा घसरण्याची दुसरी कारणे शोधू लागलो आणि एक कारण सर्व देशाच्या डोळ्यांसमोर उभे होते. इथेनॉल. २०२२ साली देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होते. २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपावर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र झाले. इथेनॉलचा ऑक्टेन-आकडा शंभराच्या वर, परंतु त्यातली उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. संयम मोठा, शिदोरी लहान! नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते, की दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची धाव वीस टक्के मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकते. दहाचे सहा टक्के वजा करा. दादांच्या वहीतला आकडा येतो. आणि ९५ च्या पेट्रोलातही हे इथेनॉल असतेच. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले, की या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन-आकडा ९५ पर्यंत गेला आहे. ज्या फरकाच्या चोरीचा आरोप होता, तो फरकच मुळी पुष्कळसा विरघळून गेला होता.

दादांना कागदावरचा युक्तिवाद पुरेना. तेव्हा मी प्रयोग सुचवला. दादांनी स्वतः पंपावर उभे राहावे, टाकी काठोकाठ ९५ ने भरावी, आणि घर ते सचिनचा कारखाना हा नेहमीचा रस्ता करून पुन्हा काठोकाठ भरावी. असे तीन वेळा. मग तीन वेळा ९१. दोन महिने लागले. तेवढा काळ सारथ्याला ठेवणे भागच होते, कारण गाडी तोच चालवणार; दुसऱ्याच्या हाताने चालवली असती तर प्रयोगच बाद झाला असता. ही अट मी मुद्दाम घातली होती, हे येथे सांगायला हरकत नाही.

दादांच्या डोळ्यांदेखत भरलेल्या ९५ वर गाडी लिटरला नऊ पूर्णांक चार किलोमीटर गेली. ९१ वर नऊ पूर्णांक तीन. एवढा फरक तर रहदारीतल्या एका दिवसाने पडतो. लिटरमागे आठ रुपये जास्त आणि महिन्याला दीडशे लिटर धरले, तर वर्षाचे चौदा हजार चारशे रुपये होतात. महाग पेट्रोलात इंजिन स्वच्छ ठेवणारी औषधे असतात असे विक्रेते सांगतात, आणि ती असतातही. त्यांच्यासाठी ज्याला पैसे मोजायचे असतील त्याने मोजावेत. मी माझ्या छोट्या गाडीत साधेच घालतो.

दादांनी वही मिटली. सारथ्याला त्यांनी बोलावले आणि पुढच्या आठवड्यात गोव्याला निघायचे आहे, टायर पाहून घे, एवढे सांगितले. झाल्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. घरच्या गाडीत ते अजून ९५ च घालतात; त्यात माझी हरकत असण्याचे कारण नाही, पैसा त्यांचा आहे. सारथी मात्र आता प्रत्येक पावती घेतो, तिच्यावर तारीख नि किलोमीटर आपल्या हाताने लिहितो आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो. कोणी ती मागितलेली नाहीत.