बीपी मोजणाऱ्या सिस्टरचं बीपी

तुम्ही माझ्या दवाखान्यात आलात की आधी तुमचं वजन आणि बीपी सिस्टर घेतात. "गोळी चुकवू नका हं," असंही त्याच बजावतात. गेल्या महिन्यात त्यांना चक्कर आली म्हणून मी त्यांचंच बीपी मोजलं. १८०/११०! गोळ्या दोन महिने बंद. "मुलाची फी भरायची होती, सर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्याकडून आधीच उचल घेतलीये. अजून किती मागायचं?"

मी ओशाळलो.

आरोग्यसेवेत काम म्हणजे पैशाची चिंता नाही, असं अनेकांना वाटतं. खरं तर काम कोणतं यापेक्षा नोकरी कशी आहे, यावर बरंच ठरतं. कायम सरकारी नर्सला वेतनश्रेणी असते, रजा असते. कंत्राटी नर्सला करार पुढे वाढेल की नाही, हीच धास्ती. आशाताईंना तर पगार नाहीच. मानधन आणि कामागणिक मोबदला. तो लांबला की किराणा उधारीवर.

आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांचं दुखणं निराळं. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा साधारणपणे १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लागू होतो, भविष्य निर्वाह निधी २० पासून. माझ्याकडे तिघीच. म्हणजे कायद्याने मी मोकळा, आणि आजारपणात त्यांचे हात रिकामे.

ही ओढाताण शरीरात उतरते. झोप कमी होते, स्वतःचं औषध मागे पडतं, दोन-दोन ड्युट्या केल्या जातात. थकलेल्या हातून चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून हा तुमच्याही तब्येतीचा प्रश्न आहे.

आता तिघींच्या तपासण्या आणि औषधं दवाखान्याच्या खर्चात आहेत. आजारपणाची भरपगारी रजा लेखी दिली आहे. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढला. तो अपघातापुरताच आहे, पण आहे. हे सगळं फार आधी करायला हवं होतं.

तुम्हालाही दोन गोष्टी सांगतो. पैशामुळे बीपीची गोळी बंद करायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा स्वस्त जेनेरिक पर्याय मिळतो. आणि तुमच्या घरी आजारी माणसापाशी ब्युरोच्या मावशी रात्र काढत असतील, तर त्यांचे पैसे वेळेवर द्या, आठवड्याची सुट्टी द्या. एकदा त्यांचंही बीपी मोजा.

आमच्या सिस्टरचं काल १३६/८४ आलं.